चिमणराव आणि दोघे भाऊ

पुस्तकांतील, नाटकांतील अथवा चित्रपटांतील एखादा माणूस आपल्या घरचाच आहे असें एकदां वाटूं लागलें म्हणजे त्याच्यावर आपली सत्ता चालते असा एक प्रेमळ गैरसमज होऊन बसतो. पुढें तोच माणूस दुसऱ्या वेषांत, दुसऱ्या जागीं दिसला कीं, "हा आमचा नव्हे" असें म्हणून त्याला दारांतूनच परतविण्यांत येतें. मग नट तोच असो, लेखक तोच असो, त्याचें कांहीं एक चालत नाहीं. राळेगांवच्या दोघां भावांची ही हकीकत अशाच एका दारापाशीं झालेल्या तंट्याची आहे. शेताच्या बांधावरून तंटे होतात, वाटणीवरून होतात; या दोघांचा तंटा चिमणरावांवरून झाला.

चिमणराव कोण हें जुन्या वाचकांस सांगावयास नकोच. नव्यांसाठीं मात्र दोन शब्द अवश्य आहेत. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते. बौद्ध ग्रंथांत ज्यांचा दिवस जावयाचा, त्या विद्वानानें १९३० नंतरच्या दशकांत एका भित्र्या, किडकिडीत, पुणेरी गृहस्थाला जन्म दिला आणि त्याच्या जोडीस गुंड्याभाऊ नांवाचा आडदांड, सोटा बाळगणारा भाऊ दिला. चिमणरावांच्या पत्नीचें नांव काऊ, आणि मुलांचीं नांवें मोरू, मैना, राघू. घर कसलें, संध्याकाळचें पांखरांचें झाडच तें! 'चिमणरावांचें चऱ्हाट' या पुस्तकांत हे गृहस्थ आपली फजिती आपल्याच तोंडानें सांगत बसतात आणि ती फजिती आहे हें सांगणाऱ्यापेक्षां ऐकणाऱ्यालाच आधीं कळतें. गंमत सगळी तेथें आहे.

पुस्तकांतून हे दोघे लौकरच बाहेर पडले. १९४० सालीं मास्टर विनायक यांनीं 'लग्न पहावें करून' हा बोलपट काढला, त्यांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. १९४२ सालीं 'सरकारी पाहुणे' आला. म्हणजे प्रिय पुस्तकाचा बोलपट झाला तर वाचकाला काय वाटतें, हा प्रश्न महाराष्ट्रांत आजचा नव्हे. त्याला ऐंशींहून अधिक वर्षें झालीं.

आतां राळेगांवाकडे वळूं. यवतमाळ जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव. कळंबकडून निघालेली सडक राळेगांवावरून वडनेरकडे जाते. पलीकडे वर्धा नदी, आणि नदीपार वर्धा जिल्हा. भोंवतालीं काळी जमीन, कापूस आणि तूर. या दोघां भावांचे वडील जिनांत हिशेबनीस होते. कापसाच्या हंगामांत त्यांना मान वर करण्यास फुरसत नसे. पावसाळ्यांत मात्र जीन बंद असे आणि तेव्हां ते रात्रीं छपरींत कंदील लावून चिमणराव वाचीत. गुंड्याभाऊचें बोलणें आलें कीं ते पुस्तक थोरल्याच्या हातीं देत. थोरला बैल हांकण्याची तुतारी सोट्यासारखी खांद्यावर घेऊन तें वाची. धाकट्याला अजून जोडाक्षरें नीट वाचतां येत नसत, म्हणून तो मोरू. मोरूला रडण्यापलीकडे फारसें काम देण्यांत येत नसे, आणि तें तो मन लावून करी.

वडिलांनीं तरुणपणीं 'लग्न पहावें करून' वर्ध्यास पाहिला होता. त्या एका खेळाच्या बळावर त्यांनीं जन्मभर एक निवाडा दिला : चिमणराव म्हणजे दामूअण्णा, बाकीचे सारे तोतये. तो तिरळा डोळा, ती धांदल, असें कांहीं ते सांगूं लागत आणि सांगतां सांगतां स्वतःच हसूं लागत, त्यामुळें पुढचें कोणाला कधीं कळलें नाहीं. घरांत त्या निवाड्यावर अपील नव्हतें. १९६८ च्या सुमारास ते वारले. थोरल्यानें मॅट्रिकचा वर्ग सोडून पांच एकर जमीन हातीं घेतली. धाकटा शिकला, आणि १९७५ सालीं मुंबईस एका कचेरींत कारकून झाला. थोरल्यानें शाळा सोडली म्हणून धाकट्याची चालली, ही गोष्ट दोघांनाहि ठाऊक होती. ती बोलून दाखविण्याची रीत त्या घरांत नव्हती.

मुंबईस दूरदर्शनचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें होतें. पुढच्या वर्षीं पुण्याला तें दिसूं लागलें. बाकीच्या महाराष्ट्राला दूरदर्शन म्हणजे केवळ वर्तमानपत्रांतील शब्द होता. अशा वेळीं, १९७७ सालीं, विजया जोगळेकर-धुमाळे यांच्या निर्मितीनें 'चिमणराव' ही मालिका सुरू झाली. मराठींतल्या अगदीं पहिल्या मालिकांपैकीं ही एक. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चि. वि. जोशी त्यापूर्वींच, १९६३ सालीं, निवर्तले होते. आपलीं पांखरें या नव्या पिंजऱ्यांत कशीं दिसतात हें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं.

धाकटा ज्या चाळींत राहत असे तेथें चाळीस बिऱ्हाडांत दूरदर्शनचें यंत्र एकच होतें. मालिकेच्या संध्याकाळीं त्या बिऱ्हाडाचें दार काढून ठेवल्यासारखें सताड उघडें असे. पुढें जमिनीवर मुलें, त्यांच्यामागें बायका, खाटेवर वडीलधारी माणसें, आणि धाकट्यासारख्या सड्या लोकांनीं बाहेर गॅलरींत उभे राहून खिडकीच्या गजांतून पाहावयाचें. चित्र काळेंपांढरें, त्यांतहि मधूनच पाऊस पडल्यासारखें होई. परंतु प्रभावळकरांचा तो बारीक अंगाचा, दबकत बोलणारा चिमणराव आणि त्याच्यापुढें भिंतीसारखे उभे राहणारे कर्वे दिसले कीं गॅलरींतल्या माणसांचे पाय दुखेनासे होत. घरापासून आठशें किलोमीटरांवर असलेल्या त्या मुलाला पहिल्याच दिवशीं कंदिलाचा उजेड आठवला. वडिलांच्या तोतयाच्या निवाड्याचीहि आठवण झाली, आणि आपण तो मोडीत आहों म्हणून थोडी भीतिहि वाटली.

दुसऱ्या दिवशीं त्यानें थोरल्या भावाला अंतर्देशीय पत्र लिहिलें. काय झालें, कोण काय बोललें, गुंड्याभाऊ कोठें उभा होता, चाळींतल्या आजीबाई कोठें हसल्या, सगळें बारीक अक्षरांत, कडेच्या घडीवरसुद्धां. पुढें हा क्रमच पडला. जो भाग पाहावयास मिळाला त्याचें पत्र राळेगांवास जावयाचें. पांच-सहा दिवसांनीं तें पोंचे, आणि रात्रीं थोरला तें छपरींत मोठ्यानें वाची. शेजारपाजारचीं चार माणसें येऊन बसत. पोस्टमन रस्त्यानें चालला कीं पलीकडच्या ओट्यावरून कोणी विचारी, "चिमणरावाचं पत्र आलं का बाप्पा?" अशा रीतीनें, जेथें दूरदर्शनची लहर पोंचत नव्हती तेथें ती मालिका टपालानें पोंचली. या पत्रांपेक्षां सुंदर मराठी त्या कारकुनानें पुढें कधीं लिहिलें नाहीं, असें त्याचे लोक म्हणतात. कचेरींतल्या टिपणांनीं त्याचा हात लौकरच बिघडविला.

१९७९ सालीं चित्रपट आला : 'चिमणराव गुंड्याभाऊ'. दिग्दर्शक विनय धुमाळे. चिमणराव प्रभावळकरच, आणि गुंड्याभाऊ कर्वेच. योगायोग असा कीं, त्याच सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंत 'स्टार ट्रेक' नांवाच्या मालिकेचा चित्रपट झाला. ती मालिका १९६६ पासून १९६९ पर्यंत चालली होती, आणि तिच्या भक्तांनीं दहा वर्षें वाट पाहिली होती. नट जुनेच, पडदा मात्र प्रचंड, खर्चहि प्रचंड. आणि पुष्कळ भक्त बाहेर आले ते गति फार संथ आहे अशी कुरकूर करीत. तेथें आकाशयान होतें आणि येथें एक भित्रा कारकून होता, इतकाच फरक. लहान पडद्यावर जडलेली माया मोठ्या पडद्यावर नेतांना कांहीं तरी सांडतें, ही तक्रार पृथ्वीच्या दोन्ही अंगांना एकाच वर्षीं निघाली.

धाकटा पहिल्याच आठवड्यांत चित्रपटास गेला आणि हिरमुसला होऊन परतला. त्या रात्रीं त्यानें जें पत्र लिहिलें त्यांत चित्रपटाचा दोष थोडा आणि त्याचें स्वतःचें दुःख फार होतें; परंतु तें त्याला तेव्हां उमगलें नाहीं. त्याचें म्हणणें असें होतें कीं, गजांतून दिसणारा चिमणराव वीतभर होता, तरी तो आपल्याएवढा वाटे. येथें त्याचें नाकच माणसाएवढें झालें, आणि माणूस हरवला. चाळींत कोण हसलें हें न पाहतां कळे. येथें अंधारांत हजार अनोळखी माणसें हसतात आणि आपल्याला ज्या ठिकाणीं हसूं येतें त्या ठिकाणीं तीं गप्प बसतात. मालिकेंत एक लहानशी फजिती व्हावयाची, दिवे लागावयाचे, आणि पुढच्या भागापर्यंत ती चघळावयास मिळावयाची. चित्रपटाला लहान फजिती पुरत नाहीं. त्याला गोष्ट वाढवावी लागते, मध्यंतर साधावें लागतें, शेवट गांठावा लागतो. आणि शेवट झाला म्हणजे चिमणराव संपले! पत्राच्या अखेरीस त्यानें लिहिलें : "दादा, हा चित्रपट तुमच्याकडे आला तरी तुम्ही पाहूं नका. आपला चिमणराव बिघडेल."

या तक्रारींत तथ्य नव्हतें असें नाहीं. चि. विं.चा विनोद घरगुती आहे. तो ओसरीवर फुलतो, मैदानांत पातळ होतो. पडदा मोठा झाला कीं नटाला कमी करावें लागतें, आणि प्रेक्षक तर जास्त मागतो, ही ओढाताण कोणत्याहि दिग्दर्शकाला चुकलेली नाहीं. तथापि न्यायाधीश असा होता कीं ज्यानें पुढच्या भागाची वाट पाहण्यांत महिनेच्या महिने घालविले होते, आणि ज्याला त्या तिकिटाच्या पैशांत आपली चाळ, आपला खिडकीचा गज आणि राळेगांवची छपरी हीं सर्व परत हवीं होतीं. एवढें कोणतें चित्रपटगृह देतें?

थोरल्यानें तें पत्र छपरींत वाचलें नाहीं. खिशांत ठेवलें.

त्या काळीं विदर्भांतला कापूस एकाधिकार खरेदी योजनेनें सरकार घेत असे आणि त्याचे चुकारे हप्त्याहप्त्यांनीं मिळत. अशाच एका चुकाऱ्याच्या खटपटींत थोरला बायकोसह यवतमाळास गेला असतां तेथें तोच चित्रपट लागलेला होता. पैसे त्या दिवशीं मिळाले नाहींत, ते मिळावयाचेहि नव्हते. परंतु शेवटच्या गाडीला अवकाश होता. दोघें आंत जाऊन बसलीं. दिवे मालवले, आणि पत्रांतून ज्याला दोन वर्षें ऐकलें होतें त्याला थोरल्यानें प्रथम पाहिलें. त्याच्या बायकोनें पुढें सांगितलें कीं, पहिलीं कांहीं मिनिटें तो हसलाच नाहीं. नुसता पाहत होता. मग एकदम म्हणाला, "अगदी तसाच आहे ग. त्यानं लिहिला तसाच." आणि जें हसूं लागला तें मध्यंतरापर्यंत थांबला नाहीं. गुंड्याभाऊच्या वेळीं तर शेजारचा प्रेक्षक वळून पाहूं लागला. गाडी चुकली, रात्र बसस्थानकावर काढावी लागली, त्याचीहि कुरकूर त्यानें केली नाहीं.

घरीं येतांच त्यानें उत्तर लिहिलें. हा माणूस पत्रांत खुशाली, पाऊस आणि भाव यांपलीकडे जात नसे. या वेळीं मात्र दोन पानें झालीं. "तूं चिमणराव कितीदां पाहिलास त्याची मोजदाद नाहीं, आणि आम्हीं एकदां पाहावा तर तूं पाहूं नका म्हणतोस. तुझा चिमणराव मुंबईचा आहे. तो खिडकींतून दिसतो. आमच्या गांवाला ती खिडकी नाहीं. आमच्यापर्यंत चालत आला तो हाच. बाबा म्हणत दामूअण्णा खरे, तूं म्हणतोस खिडकींतला खरा. मग मला पाहावयास मिळाला तो एकटाच खोटा काय?" आणि सर्वांत शेवटीं, घरांत जी गोष्ट कधीं बोलण्यांत आली नव्हती ती एका ओळींत आली : "मोठ्या भावाच्या वांट्याला नेहमीं उरलेलेंच येतें असें समजूं नकोस."

ही ओळ लिहिल्यावर त्याला पश्चात्ताप झाला असावा, कारण ती खोडण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. परंतु टांकाची शाई खोडल्यानें जास्तच ठळक झाली होती.

धाकट्यानें त्या पत्राला उत्तर दिलें नाहीं. पैसे महिन्याच्या महिन्यास येत राहिले, मनिऑर्डरीच्या कुपनावर मजकूर मात्र राहिला नाहीं. छपरींत बसणाऱ्यांनीं चार-सहा वेळां विचारलें, मग तेहि विचारीनासे झाले. मालिका तर संपलीच होती. पोळ्याला धाकटा गांवीं आला. बैलांना रंग लावला, वहिनीच्या हातची पुरणपोळी खाल्ली, दोघे भाऊ झडत्या ऐकावयास बरोबर गेले. चिमणरावांचें नांव कोणीं काढलें नाहीं. त्यानंतरच्या चाळीसांवर वर्षांत लग्नें झालीं, मुलें झालीं, एकमेकांच्या आजारपणांत एकमेकांजवळ जागून रात्री काढल्या. प्रेम कमी झालें असें कोणीहि म्हणणार नाहीं. फक्त त्या एका वाटेनें दोघेहि जाईनात.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर देशांत ठिकठिकाणीं प्रक्षेपण-केंद्रें उभीं राहूं लागलीं. राळेगांवच्या घरांवरहि यथाकाल लोखंडी कांट्या दिसूं लागल्या. थोरल्यानें यंत्र घेतलें तेव्हां दुकानदाराच्या माणसाला विचारलें कीं, यांत चिमणराव केव्हां लागतो? त्या पोरानें चिमणरावांचें नांवच ऐकलें नव्हतें. 'हम लोग' लागे, तो सर्वांनीं पाहिला. खिडकी गांवाला आली, परंतु जें पाहावयाचें तें पुढें निघून गेलें होतें.

तें किती पुढें गेलें होतें हें धाकट्याला निवृत्तीनंतर कळलें. नोकरी संपवून तो राळेगांवास येऊन राहिला आणि, भावाला न सांगतां, जुन्या मालिकेचा शोध करूं लागला. मनांत असें कीं, एकदां दादाला ती समोर बसवून दाखवावी, म्हणजे बोलावयास नको. त्या काळीं दूरदर्शन केंद्रांत चित्रफिती महाग आणि थोड्या असत. एक कार्यक्रम झाला कीं त्याच फितीवर दुसरा उतरवीत. त्या दिवसांतले पुष्कळ कार्यक्रम असेच पुसले गेले, आणि 'चिमणराव' मालिकेचेहि बहुतेक भाग आज पाहावयास मिळत नाहींत. कोणाचा हेतु वाईट नव्हता. पाटी पुसून पुढचें गणित घालावें इतक्या सहज तें झालें. पुसणाऱ्याला कसें ठाऊक असावें कीं या पाटीवर कोणाचा काय हिशेब राहिला आहे? ज्या चित्रपटाला त्यानें दारांतून परतविलें, त्यांतलेच ते दोघे त्या वयाचे, त्या जोडीनें, सबंध म्हणून राहिलेले. हें कळल्यावर तो दोन दिवस घरांत कोणाशीं नीट बोलला नाहीं. थोरल्याला वाटलें, पित्त झालें असावें.

२०२५ च्या ऑगस्टांत बाळ कर्वे वारले. वय पंचाण्णव होतें. घरीं गणपति नुकतेच बसले होते, आणि बातमी नातवानें मोबाइलवर वाचून दाखविली. थोरला तेव्हां ऐंशीच्या घरांत. दोन्ही डोळ्यांचीं शस्त्रक्रिया होऊनहि बारीक अक्षर त्याला लागत नसे. तो उठला, आंत गेला आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खालीं काढण्यास नातवाला सांगितलें. तींत कापसाच्या पावत्या, सात-बाराचे जुने उतारे, वडिलांचें पुठ्ठा गेलेलें 'चऱ्हाट', आणि सुतळीनें बांधलेला निळ्या अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता. कांहींचे कोपरे वाळवीनें नेले होते. धाकट्याला त्या पत्रांचें अस्तित्वहि ठाऊक नव्हतें. ज्यानें तीं लिहिलीं त्यानें तीं केव्हांच गेलेलीं धरलीं होतीं.

"वाच," थोरला म्हणाला. "माझे डोळे गेले आता. गुंड्याभाऊचं मी म्हणतो, मला येते तोंडपाठ."

धाकटा वाचूं लागला. आपलेंच तरुणपणचें अक्षर त्याला लागेना. मधून मधून थांबावें लागे, आणि तो थांबला कीं पुढचें वाक्य थोरला सांगे. चाळींतल्या आजीबाई आल्या, खिडकीचा गज आला, पडद्यावर पडणारा पाऊस आला. गणपतीपुढें जमलेलीं मुलें हळूंहळूं इकडे सरकलीं. हा कार्यक्रम कोठें लागतो, असें एकानें विचारलेंहि.

गठ्ठ्याच्या तळाशीं तें शेवटचें पत्र होतें. धाकट्यानें त्याची घडी पाहूनच तें ओळखलें आणि इतर पत्रांखालीं सारूं लागला.

"तेंही वाच ना बाप्पा," थोरला म्हणाला. "तें कावून ठेवतं?"

त्यानें वाचलें. चिमणरावांचें नाक माणसाएवढें झालें होतें तेथें मुलें हसलीं. हजार अनोळखी माणसें चुकीच्या जागीं हसत होतीं तेथें थोरला हसला. "दादा, तुम्ही पाहूं नका" हें वाक्य आलें, तेव्हां धाकट्याचा आवाज बसला. आणि तें वाक्य थोरल्यानें, डोळे मिटून, गुंड्याभाऊच्या आवाजांत पुरें केलें. वहिनी आंत आरतीचें तबक लावीत होत्या. त्यांनीं तेथूनच विचारलें, "हा कोणता भाग हो? हा नाही ऐकला मी!"